टेबल, टर्म आणि तेरावा

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांचा सामाजिक इतिहास लिहू पाहणारे अभ्यासक सहसा साखर कारखान्याचे चेअरमन, शिक्षणसंस्थेचे संस्थापक आणि अर्बन बँकेचे मॅनेजर या तिघांपाशी थांबतात. परंतु या तिघांचीही खरी जन्मतारीख, वजन, पोटाचा घेर, त्यांचे वडील कशाने वारले आणि त्यांच्या पश्चात पैसे कोणाला मिळायचे आहेत, ही सगळी माहिती ज्याच्या रेक्झिनच्या बॅगेत होती, त्या आयुर्विमा एजंटाची दखल इतिहासाने अद्याप घेतलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा एजंट, म्हणजे आळीच्या भाषेत एजंटकाका, हा आहे. तो कोणी एक विशिष्ट गृहस्थ नव्हे. कराड, वाई, विटा, तासगाव, संगमनेर, चाळीसगाव अशा गावोगावी तो होता. बाविशीच्या आसपास त्याने हा व्यवसाय पत्करला, ऐंशी ओलांडल्यावर देह ठेवला आणि मधल्या साठ वर्षांत नोकरी नसल्यामुळे त्याला निवृत्तीही मिळाली नाही. एजंट हा आयुर्विमा महामंडळाचा नोकर नसतो. त्याला पगार, हजेरीपट आणि रजा यांपैकी काहीही नसते, फक्त कमिशन असते. त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या बैठकीत ‘तुमचे हे काय करतात’ असे कोणी विचारले की घरची मंडळी ‘एलआयसीत आहेत’ असे सांगत आणि ‘कोणत्या पोस्टवर’ असा पुढचा प्रश्न येताच पोहे आणायला उठत.

या वर्गाचा उदयकाल बराच नेमका सांगता येतो. विमा एजंट त्याआधीही होतेच. मुंबईत १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ मध्ये ओरिएंटल या कंपन्या निघाल्या, तेव्हापासून कोणी ना कोणी दार वाजवतच होते. परंतु १९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला, देशी-विदेशी कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ विमा संस्था एकत्र केल्या, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. हे घडवून आणणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, हे मराठी माणसाला पाठ असते. आपल्या घरात दर रविवारी येऊन बसणाऱ्या एजंटकाकाच्या मागेही तेच चिंतामणराव उभे आहेत, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात नसते. महामंडळाच्या कायद्यातील कलम ३७ नुसार पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी मिळाली, आणि खासगी कंपन्या बुडाल्याच्या आठवणी उगाळणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे ‘सरकार बुडेल तेव्हाच हे पैसे बुडतील’ हे वाक्य टाकण्याची सोय झाली. सरकार बुडावे अशी मनोमन इच्छा असलेले विरोधी पक्षाचे कार्यकर्तेसुद्धा या वाक्यावर सही करून मोकळे होत.

व्यवसायाचे पहिले तत्त्व असे, की अनोळखी माणूस विमा घेत नाही आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. धंद्याच्या परिभाषेत याला ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात, म्हणजे ज्यांच्या घरी चपला काढून थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता येते अशा माणसांची यादी: सख्खे, चुलत, मावस, सासरचे, शेजारचे, शाळेत एका बाकावर बसलेले, आणि ज्यांच्या मुंजीत पंगतीला वाढण्याचे काम केले होते ते. पहिली पॉलिसी स्वतःची (तिच्या हप्त्यावरही कमिशन मिळे, त्यामुळे हा माणूस काही अंशी स्वतःच्याच पोटावर पोट भरत असे), दुसरी थोरल्या भावाची, तिसरी मेव्हण्याची. सामान्य माणसाची ही यादी वर्षभरात संपते. एजंटकाकाने ती संपू नये म्हणून उरलेली हयात नाती तयार करण्यात घालवली. एसटीत शेजारी बसलेला प्रवासी उतरण्याच्या आत काकाच्या साडूच्या चुलत्याचा व्याही निघत असे, आणि तसा तो न निघाल्यास दोघांचे कुलदैवत तरी एकच निघे. जेजुरी आणि तुळजापूर या दोन ठिकाणांनी मराठी विमा व्यवसायाला किती हातभार लावला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

नाते जुळल्यावर खरी अडचण सुरू होई. एजंटाला विकायचा असतो तो माल म्हणजे गिऱ्हाइकाचा मृत्यू, आणि ज्या घरात ‘मी जातो’ म्हटले तरी ‘येतो म्हणावं’ अशी दुरुस्ती होते, तिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर हा विषय काढायचा असतो. त्यावर काकाने एक शैली सिद्ध केली होती. ती अशी, की मृत्यूचे उदाहरण नेहमी दुसऱ्या गावचे द्यायचे, तो माणूस धडधाकट असायचा, आदल्या दिवशी त्याने दोन भाकरी जास्त खाल्लेल्या असायच्या, आणि ‘देव न करो’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला म्हणायचे, शेवटी नव्हे, कारण शेवटी म्हटले तर गृहिणी मधल्या वाक्यातच आत निघून जाते. मृत्यू नकोच असेल तर मनीबॅक होतीच. ही वीस वर्षांची पॉलिसी. तिच्यात पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी विमा रकमेचे वीस-वीस टक्के हातात पडत आणि उरलेले चाळीस टक्के बोनससह शेवटी मिळत. एजंट लोक तिला तिच्या तक्त्याच्या आणि मुदतीच्या आकड्यांवरून ‘पंचाहत्तर-वीस’ म्हणत; तक्ता म्हणजे टेबल, मुदत म्हणजे टर्म, आणि टेबल-टर्म सांगितली की दोन एजंटांना तिसऱ्या माणसासमोर त्याच्याविषयी निर्धास्त बोलता येई.

गिऱ्हाइकाच्या वयाचा प्रश्न तर स्वतंत्र प्रबंधाचा आहे. हप्ता वयावर ठरतो, आणि महामंडळाच्या बऱ्याच योजनांत वय हे जवळच्या वाढदिवसावरून मोजत. म्हणजे माणसाचा वाढदिवस होऊन सहा महिने उलटले की कागदावर तो पुढच्या वर्षात ढकलला जाई. आता ग्रामीण महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनचा आहे, कारण पोराला शाळेत आणून सोडणाऱ्या बापाला तारीख सांगता येत नसे आणि मास्तरांना रकाना तर भरायचा असे. परिणामी १ जूनला काकाच्या डायरीचे पान अभीष्टचिंतनासाठी अपुरे पडे, आणि नोव्हेंबर उजाडताच ‘डिसेंबर लागला की तुम्ही एका वर्षाने मोठे होणार’ असे सांगत तो गावभर हिंडे. ज्याला स्वतःचा जन्म उन्हाळ्यातला की पावसाळ्यातला हेही ठाऊक नाही, त्याला आपण नेमके कोणत्या आठवड्यात म्हातारे होणार हे सांगणारा काका हा पंचांगकर्त्याच्या खालोखाल मान मिळवून होता.

कमिशनविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण ‘काकाला काय, आयते मिळतात’ असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी बोनस कमिशनसह हप्त्याच्या पस्तीस टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यापुढे पाच टक्के, अशी ती मोजणी होती. गिऱ्हाइकाची नजर अर्थातच पहिल्या आकड्यावर असे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देणे आणि गिऱ्हाइकाने तो घेणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. हे कलम प्रत्येक प्रस्तावपत्रावर छापलेले असे आणि त्याच्यावरच पेन टेकवून ‘मग सोडणार किती’ असा प्रश्न विचारला जाई. दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या दुरुस्तीने तो दहा लाखांपर्यंत नेला, तेव्हा काका सत्तरीच्या पुढे गेला होता आणि सोडण्यासारखे जे होते ते सोडून चुकला होता. नातेवाइकांच्या बाबतीत तर कायद्याची भाषाच लटकी पडे, कारण मेव्हण्याचा पहिला हप्ता भाऊबीजेच्या ओवाळणीतून परस्पर वळता झाला, तर त्यास कमिशनातला वाटा म्हणायचे की बहिणीची माया, हे कोणत्या कलमाने ठरवायचे.

गणितात ‘फिरत्या विक्रेत्याची समस्या’ नावाचे एक प्रसिद्ध कोडे आहे. विक्रेत्याने ठरलेल्या सगळ्या गावांना एकेकदा जाऊन कमीत कमी अंतरात घरी परत यायचे. गावे दहाच असली तरी निरनिराळे मार्ग १,८१,४४० होतात, आणि गावे वाढत गेली की जगातल्या मोठ्या संगणकांनाही घाम फुटतो. गणितज्ञांचे चुकले ते इतकेच, की त्यांनी विक्रेत्याला विचारले नाही. एजंटकाकाने हे कोडे बजाज चेतकवर बसून सोडवले होते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली ही स्कूटर, एका अंगावर कलती करून, मगच किक मारून तो सुरू करी, आणि मग अंतराचा विचार बाजूला ठेवून ज्या घरी कांदेपोहे चांगले तिथे सकाळी, ज्या शाळेतले मास्तर मधल्या सुट्टीत एकत्र बसतात तिथे दुपारी, आणि ज्यांच्याकडे फक्त चहा मिळतो तिथे उन्हे कलल्यावर जाई. शिक्षकांचे त्याला विशेष अगत्य होते. पगारातूनच हप्ता कापून घेण्याची योजना त्यांना लागू होती, म्हणजे एकदा सही झाली की पुढे मास्तरांनी स्वतःहून काही करण्याची गरज नसे, आणि स्वतःहून काही करण्याची गरज नसलेली योजना मास्तरांनाही पसंत पडे. ‘एका गावी एकदाच’ ही अट मात्र काकाने कधीच मान्य केली नाही. ज्यांची पॉलिसी पंचवीस वर्षांपूर्वीच संपली होती, ज्यांचे वय नव्याने विमा उतरवण्याच्या पलीकडे गेले होते, अशा म्हाताऱ्यांच्या ओसरीवरही तो तेवढाच वेळ बसे. काकाची माया खरी की धंद्यापुरती, या गावातल्या जुन्या वादात हा पुरावा सहसा विचारात घेतला जात नाही. त्याला स्वतःला हे दोन कप्पे वेगळे करता आले असते असे वाटत नाही. केले असते तर तो दोन्हींत नापास झाला असता.

त्याची कसोटी लागे ती लग्नानंतर. विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार पॉलिसीधारकाला आपल्या मृत्यूनंतर रक्कम कोणी स्वीकारावी ते नाव नोंदवता येते. याला नॉमिनेशन म्हणतात आणि त्या व्यक्तीला नॉमिनी. अविवाहित मुलगा तिथे आईचे नाव लिहितो. पुढे त्याचे लग्न होते, काका पंगतीत दोनदा जिलबी घेतो, सत्यनारायण आटोपतो, आणि साधारण महिन्याभराने तो नेहमीची बॅग घेऊन ओसरीवर येतो. मुलगा समोर, सून पडद्यामागे, आई चहा घेऊन उभी. कागद बाहेर काढला तर आई विचारणार कसला आहे. न काढला तर उद्या देव न करो काही झालेच तर सुनेचे हाल. अशा वेळी काका कपाला ओठ लावून ‘वहिनी, साखर जरा कमी पडली’ एवढेच म्हणे. वहिनी डबा आणायला वळल्या की कागद पुढे येई, पेनाचे टोपण आधीच काढलेले असे, मुलगा सही करी, कागद बॅगेत जाई आणि वहिनी येईपर्यंत चर्चा पावसावर गेलेली असे. वहिनींना यातले काही कळत नसे असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतरही त्यांच्या सासूबाई अशाच साखर आणायला गेल्या होत्या, आणि काकाला मधुमेह असल्याचे तर सगळ्या गावाला माहीत होते.

या साऱ्या खटाटोपाला कायद्याने मध्येच एक विचित्र वळण दिले. १९८३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की नॉमिनी हा फक्त रक्कम हातात घेणारा असतो, मालक नव्हे. पैशावर हक्क वारसा कायद्यानुसार जे वारस असतील त्यांचा. म्हणजे कागदावर आई असो की बायको, हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास दोघींचाही वाटा होताच. हा निकाल गावात फारसा पसरणार नाही याची काकाने आपल्या परीने काळजी घेतली, कारण साखरेच्या डब्यावर उभी असलेली इतकी नाजूक व्यवस्था एका निकालाने मोडणे त्याला प्रशस्त वाटले नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतीपत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास रकमेवर त्यांचा लाभाचा हक्क मानला, आणि वाद पुन्हा होता त्या ओसरीवर आला.

मार्च महिन्यात हा प्रेमळ कुटुंबवत्सल मनुष्य घरच्यांना ओळखू येत नसे. आर्थिक वर्ष संपत आलेले असे, डेव्हलपमेंट ऑफिसर, म्हणजे एजंट नेमून त्यांच्याकडून कोटा पुरा करून घेणारा महामंडळाचा अधिकारी, दिवसातून दोनदा चक्कर मारी, आणि दोन-तीन पॉलिसी कमी पडत आहेत असे दिसले की काकाची नजर जेवणाच्या पाटांवरून फिरू लागे. पाट मांडलेला प्रत्येक जण आधीच विमाधारक असे. मुलांच्या शिक्षणाची पॉलिसी, मुलींच्या लग्नाची पॉलिसी, जावयाची दिवाळसणाची पॉलिसी असे करत करत घरातल्या माणसांवर इतका विमा चढलेला असे, की काकाच्या बायकोला किराण्याच्या यादीपेक्षा हप्त्यांची यादी मोठी सांभाळावी लागे. कोटा मात्र पुरा होई, शाखेत टाळ्या पडत, नारळ आणि शाल मिळे. त्याहून वरचा मान म्हणजे ‘एमडीआरटी’, मिलियन डॉलर राउंड टेबल, ही १९२७ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सुरू झालेली यशस्वी विमा विक्रेत्यांची संघटना. तिचे सभासदत्व मिळालेल्या एजंटाच्या घराच्या पाटीवर ती चार अक्षरे झळकत आणि ओसरीवर औषधाची चिठ्ठी घेऊन बसलेली खेड्यातली माणसे डॉक्टर कधी येणार असे विचारत.

दाव्याच्या प्रसंगी मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो, पूर्णपणे नव्हे. गावात कोणी गेले की काका पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जाई. बॅग न घेतलेला काका दिसला की लोक बाजूला होऊन वाट देत. दहाव्यालाही तो नदीवर हजर असे, कावळा शिवेपर्यंत थांबे. तेराव्याचे जेवण आटोपल्यावरच ३७८३ क्रमांकाचा मृत्युदाव्याचा फॉर्म बाहेर येई, आणि मग पॉलिसीचा मूळ बाँड शोधण्याचे पर्व सुरू होई. ही कागदपत्रे कर्त्या पुरुषाने इतक्या सुरक्षित जागी ठेवलेली असत, की चोराला काय, वारसालाही ती मिळू नयेत. काकाचा या विषयातला अनुभव दांडगा होता: तो आधी लोखंडी कपाटातल्या वर्तमानपत्राच्या अस्तराखाली पाही, मग लग्नातल्या शालूच्या घडीत, मग देवघरातल्या पोथीच्या बासनात, आणि तिथेही नसेल तर नवाकोरा प्रेशर कुकर ज्या खोक्यात आला होता त्या खोक्यात. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून, कागदावर उमटवून, तो स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसून देई.

कधी बाँड सापडे पण हप्ता थकलेला निघे. मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते, तिला ग्रेस पीरियड म्हणतात, आणि त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे विम्याचे संरक्षण थांबते. ज्यांच्याकडे कापूस विकल्याशिवाय पैसे येत नाहीत अशांचे हप्ते काका एकोणतिसाव्या दिवशी पदरचे पैसे घालून, शाखेच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहून भरी. वास्तविक नियमाप्रमाणे एजंटाला महामंडळाच्या वतीने हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता, आणि एजंटाच्या हाती पैसे देणे म्हणजे महामंडळाला देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्टच केले. गावाने हा निकालही मनावर घेतला नाही. न्यायालय दिल्लीत होते आणि काका समोर.

सन २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, तरुण मुले टाय बांधून हिंडू लागली, हप्ते मोबाइलवरून जाऊ लागले आणि काकाच्या थोरल्या मुलाने हिंजवडीत बसून रात्री एक वाजता स्वतःच्या जिवाचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स ऑनलाइन घेतला. हा निव्वळ जोखमीचा विमा. मुदतीत माणूस गेला तर पैसे, जगला तर काही नाही. वडिलांना मुलाने परस्पर विमा घेतल्याचे दुःख झालेच, पण त्याहून मोठे दुःख या योजनेच्या रचनेचे झाले. जगल्याबद्दल दमडी मिळत नाही, असा करार आपल्या रक्ताच्या माणसाने शहाणपणाचा समजावा, हे त्यांना पटेना; त्यांनी मुलाला चार दिवस मनीबॅकचे तक्ते पाठवले.

यथावकाश काकाही गेला. महामंडळाच्या नियमांनुसार, ठरावीक अटी पूर्ण केलेल्या एजंटाच्या पश्चात त्याच्या चालू पॉलिसींवरील नूतनीकरणाचे कमिशन त्याच्या वारसांना मिळत राहते. याला वारसा कमिशन म्हणतात. काकू ते बँकेत जमा झाले की पासबुक भरून आणतात. ही रक्कम दरवर्षी थोडी घटते, आणि ती का घटते हे काकूंना पक्के ठाऊक असल्याने, पासबुकात आकडा कमी दिसला की त्या पहिल्यांदा कोणाची मुदत संपली आणि कोण वारले याची चौकशी करतात. ज्या पॉलिसींचा एजंट हयात नाही त्यांना धंद्याच्या भाषेत ‘ऑर्फन पॉलिसी’, म्हणजे अनाथ पॉलिसी, असे नाव आहे. त्यामुळे ज्यांची नातवंडे इंजिनिअरिंगला आहेत, ज्यांच्या नावे सोसायटीचे चेअरमनपद आणि दोन विहिरी आहेत, अशी पासष्टीची भक्कम माणसे एका रात्रीत कागदोपत्री अनाथ झाली. त्यांची यादी शाखेने नव्यानेच एजन्सी घेतलेल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीकडे दिली आहे, आणि ती ज्यांच्या ज्यांच्या घरी जाते तिथे तिला आधी विचारतात, ‘तू कुणाची गं?’